दुसऱ्या काठी कोण

"ओऽऽ तारीदादाऽऽ! होडी आणा होऽऽ!"

पाण्यावरून येणारी हाक सरळ येत नाही. आधी ती पाण्याला टेकते, मग लाटेलाटेवर पाऊल ठेवत येते आणि ओली होऊन कानात शिरते. कवळी नदीच्या काठी ज्याचा जन्म गेला त्याला हे सांगावं लागत नाही. अनंतरावांचे वडील त्या नदीवरचे तारी. अलीकडे खारशेत गाव, पलीकडे तळवाडी, मधे चार काठ्या खोल पाणी आणि वडिलांची होडी. पहाटेच्या धुक्यात पलीकडचं माणूस दिसत नसे, पण वडील हाकेवरून ओळखत. ही मास्तरांची, ही डोक्यावर ओझं असलेलीची, ही घरात कुणीतरी अडलेल्याची. त्यांचं शास्त्र एकच होतं. "हाक आली की दोर सुटला पाहिजे. कोण, कुठले, कशाला, ते मधल्या धारेत विचारावं."

वरची हाक अनंतरावांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ऐकली होती. पाच वेळा. मुलीचा आवाज होता तो, शेवटाला किंचित वर उचललेला, झऱ्यावर घागर भरत आली की पाण्याचा सूर चढतो तसा. या मार्चला त्याला चव्वेचाळीस वर्षं होतील.

आणि तोच आवाज दोन महिन्यांपूर्वी, एका शुक्रवारी सकाळी, दोहाजवळच्या अल वक्राच्या समुद्रावर त्यांनी पुन्हा ऐकला.

ओहोटी होती. घोट्याएवढं पाणी लांबवर पसरलेलं, जुन्या लाकडी नावा वाळूवर कलंडलेल्या. त्यांच्या ऑफिसातल्या श्रेयसची आई गावाहून आली होती. तिला समुद्र दाखवायला सगळे गेले होते. श्रेयसची आठ वर्षांची चैत्राली पाण्यातून चालत चालत फार पुढे गेली, तेव्हा आजीनं दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली.

"चैत्रालीऽऽ! ये गो अलीकडेऽऽ!"

अनंतरावांच्या हातातला कडक चहाचा कागदी पेला वाळूत पडला. आवाज म्हातारा झाला होता, मधे थोडा चिरफाळला होता. पण शेवटाला तसाच वर उचलला गेला. माणसाचा चेहरा बदलतो, चाल बदलते, हाक बदलत नाही, हे वडिलांचं म्हणणं समुद्रानं खरं करून दाखवलं. दीड हजार मैलांवर येऊन, जिथे औषधालाही नदी नाही अशा देशात येऊन, ती हाक त्यांना गाठून उभी राहिली होती. भीती नंतर वाटली. आधी नुसतं नवल वाटलं, देवळात अवचित घंटा वाजावी तसं.

"कुठल्या तुम्ही, ताई?" त्यांनी विचारलं होतं.

"मी तळवाडीची. खारशेतच्या पलीकडे. तुम्हांला कुठलं ठाऊक असणार! आणि तुम्ही?"

"मी... रत्नागिरीकडचा."

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी ते श्रेयसकडे जेवले. बायको मुलाकडे पुण्याला, त्यामुळे आठवड्यातलं घरचं असं हे एकच जेवण. श्रेयसच्या आईनं, पुष्पावतींनी, त्यांना कुळथाचं पिठलं वाढलं, तांदळाची भाकरी वाढली, "अनंतराव, लाजू नका हो, इथे कुणी तुमचे घास मोजत नाही" असं म्हटलं. आणि दर घासाला त्यांच्या मनात आलं की आज सांगायचं. दर शुक्रवारी हात धुऊन ते घरी आले.

आता उद्या सकाळचं पुष्पावतींचं विमान होतं.

*

"काका, नदी आणली का?" दार उघडताच चैत्रालीनं विचारलं. पुढचं तिचं तिच्या भाषेत. "यू प्रॉमिस्ड!"

अनंतरावांच्या काखेत पाच फूट लांबीची कागदाची गुंडाळी होती. ते नकाशे काढणारे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन निघालेला पोरगा चाळीस वर्षांपूर्वी दोहात आला, बंदरं काढली, पाइपलाइनी काढल्या, बोटांचे सांधे दुखेपर्यंत वाळवंट काढलं. आणि आता नोकरीच्या अगदी शेवटाला ऑफिसात अमेरिकेचं काम आलं होतं. दक्षिणेकडच्या अलाबामा राज्याच्या नद्या. तिथल्या बोटींनी मोजलेले पाण्याच्या खोलीचे आकडे संगणकावर यायचे आणि अनंतराव त्यांवरून काठ ओढायचे. सहा महिने ते रोज आठ तास नदीत होते. बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा वाळू, पुन्हा समुद्राचं गोडं केलेलं नळाचं पाणी.

"काका, आधी ताक संपवा, मग नदी सोडा," श्रेयस आतून ओरडला. तो आईच्या बॅगा काट्याला लावून तोलत होता. त्याच्या बायकोची, नमिताची, हॉस्पिटलात ड्यूटी होती, घर त्याच्या ताब्यात. "कार्पेटवर सांडलं तर नमिता मला पासपोर्टवर एक्झिट मारून गावाला पाठवेल. आई! बत्तीस किलो! दोन किलो काढ."

"तुझ्या त्या दूधपावडरी काढ. आमच्याकडच्या म्हशी मेल्या नाहीत अजून."

"आणि ही पिशवी कसली? दगड?"

"शिंपले आहेत. चैत्रालीनं दिलेत. त्यांना हात लावशील तर बघ."

"खलास," श्रेयस म्हणाला. "एअरपोर्टवर मी तुला ओळखत नाही."

पुष्पावती पदराला हात पुसत बाहेर आल्या. ठेंगण्या, ताठ, चष्म्याची दोरी शाळामास्तरणीच्या सवयीनं अजून गळ्यात. अनंतरावांनी कागद उलगडला आणि तो पुन्हा गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली: चैत्रालीचे दोन बूट, खजुराचा डबा, टीव्हीचा रिमोट. आल्याआल्या हाती मिळालेला ताकाचा पेला मात्र त्यांनी कोपऱ्यात न ठेवता खालच्या अंगाला, मधेच एका ठिकाणी ठेवला.

"अगोबाई," पुष्पावती म्हणाल्या आणि हळूच खाली बसल्या. "मला वाटलं पिंपळाचं पान. नुसत्या शिराच शिरा."

"सगळं एका राज्यातलं, ताई. ओढे-नाले धरले तर लाखभर मैलांच्या वर भरतं, असं सांगतात. त्या राज्याच्या मोहरेवर सिंह नाही, गरुड नाही. नद्यांचा नकाशा आहे."

"म्हणजे शिक्का मारला की कागदावर पाणी उठतं."

अनंतराव हसले. हे त्यांना सुचलं नव्हतं.

मग ते सांगू लागले, आणि ऑफिसात तोंडातून चार शब्द न काढणारा हा माणूस बोलताना कुठल्या कुठे गेला. ही टेनेसी. वरच्या उजव्या कोपऱ्यातून उतरते, खाली वाकते, सगळा मुलूख आडवा चालून जाते आणि डाव्या कोपऱ्यातून पुन्हा वर, उत्तरेला.

"सासरी आली, सण केला आणि माहेरी परतली," पुष्पावती म्हणाल्या.

"तेच तर माणसांना खपलं नाही. तिचं पाणी दक्षिणेला न्यायचं म्हणून त्यांनी हा एवढा कालवा खणला. इथून इथपर्यंत. आणि उतार फार, म्हणून मधे दहा कुंडं. बोट कुंडात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी हळूहळू उतरतं, त्याच्याबरोबर बोट उतरते. पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही. मग पुढचा दरवाजा उघडतो."

"पाण्याचा जिना!"

"आणि इथे ते पाणी टॉम्बिग्बीला मिळतं. ही कुसा, ही टॅलापूसा. दोघी मिळाल्या की त्यांची अलाबामा. ही कहाबा. हिच्या उथळ खडकांत, वाहत्या पाण्यात, मे महिन्यात पांढरी कमळासारखी फुलं येतात. चिखल नाही, माती नाही. दगडाच्या फटीत मूळ आणि अंगावरून धार. मी फोटो पाहिला, ताई, तर खुर्चीतून उठून उभा राहिलो. आणि मग अलाबामा न् टॉम्बिग्बी एक होतात आणि समुद्र दिसताच पुन्हा पाच फाटे फुटतात. पाची बोटं पसरून समुद्राला हात लावावा तशा."

चैत्राली पालथी पडून बोटानं एकेक धार चालत होती. "कुसा, टॅलापूसा," ती पुटपुटली. "आजी, इट्स लाइक अ साँग."

"कुणी ठेवली ही नावं?" आजीनं विचारलं.

"तिथल्या मूळच्या लोकांनी. त्यांना पुढे तिथून हाकलून दिलं. दोनशे वर्षं होत आली. माणसं गेली, नावं राहिली."

"पाण्याला कोण हाकलणार?" पुष्पावती म्हणाल्या.

एसीचा गार वारा कागदाखालून जात होता, त्यानं तो मधूनच फुगे, आणि क्षणभर सगळ्या नद्या खरोखर हलल्यासारख्या वाटत. हलक्या आवाजात, जात्यावर बसल्यासारख्या किंचित डोलत, पुष्पावतींनी आपल्या आईची ओवी म्हटली:

नदीबाई माझे माये, तुला गं काठ दोन
एका काठी माझी हाक, दुसऱ्या काठी कोण?

अनंतरावांनी मान खाली घातली. आणि नेमकं तेव्हाच चैत्रालीचं बोट अलाबामा नदीवरून वर सरकत सरकत ताकाच्या पेल्याला अडलं. तिनं पेला उचलला.

"काका, हे काय आहे? रिव्हरनं नॉट मारली."

पेल्याखालचं ओलं वर्तुळ बरोबर त्या वळणाभोवती उमटलं होतं. नदी तिथे अशी वळते की जमिनीला तिन्ही बाजूंनी वेढा पडतो; आत एक गाव आणि चौथ्या बाजूला लांबलचक रस्ता.

"ते... काही नाही. गाव आहे एक."

"गावाला होडी नाही?" पुष्पावती लगेच म्हणाल्या. नदीकाठच्या बाईला हा प्रश्न सुचतोच. "तिन्ही अंगाला पाणी म्हणजे होडी हवी."

अनंतरावांना नाही म्हणता आलं असतं. नकाशा गुंडाळता आला असता. बॅगेतले दोन किलो कुठून काढायचे यावर बोलता आलं असतं. पण त्या पाण्याबद्दल खोटं बोलणं त्यांना जमेना.

"होती," ते म्हणाले. "गावात काळे लोक. पूर्वीच्या गुलामांची नातवंडं-पतवंडं. पलीकडे तालुक्याचं गाव, तिथे कचेरी. एकोणीसशे बासष्ट साल. हे लोक होडीत बसून पलीकडे जायला लागले, मतदार म्हणून आपलं नाव लावायला. तर होडी बंद झाली."

"बंद झाली की केली?"

"केली."

"हं."

"पाणी ओलांडून दहा मिनिटांचं गाव तास-दीड तासाचं झालं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना तर विचारूच नका. होडी परत आली दोन हजार सहा साली." ते थांबले. "चव्वेचाळीस वर्षांनी."

काठ ओढताना महिनाभरापूर्वी त्यांना हे कळलं होतं. खोली नीट जुळेना म्हणून ते त्या जागेची माहिती काढायला गेले आणि हा आकडा समोर आला. त्या दिवशी त्यांनी काम थांबवून संगणक बंद केला होता. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची एक नदी त्यांची वर्षं मोजून बसली होती.

"त्या गावच्या बायका फार सुंदर गोधड्या शिवतात," ते उगाच पुढे म्हणाले. "जुन्या कामाच्या कपड्यांच्या. जगभर नाव झालंय."

"मग आपल्याच की त्या," पुष्पावती म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "आमचीही बंद केली होती, अनंतराव."

आतल्या खोलीत काट्याचा खडखडाट थांबला. श्रेयस दारात येऊन उभा राहिला. ही गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली असावी, पण आई ती सांगायला लागली की तो उभा राहून ऐकत असे.

"तळवाडी आम्हां बौद्धांची. शिमग्यात गावच्या पालखीपुढे ढोल आमच्या माणसांनी वाजवायचा, आणि पालखीला हात मात्र लावायचा नाही. त्या वर्षी आमच्या पोरांनी सांगितलं, वाजवणार नाही. झालं. दुकान बंद, गिरण बंद, होडी बंद. पण तारी म्हातारा देवमाणूस. अंधार पडला की गुपचूप यायचा, आमच्या आजाऱ्याला न्यायचा, मीठ-तेल आणून द्यायचा. त्याच्या भरवशावर मी होते. माझी दहावीची परीक्षा. तळवाडीतली पहिली मुलगी दहावीला बसणार होती. पहिला पेपर मराठीचा. सेंटर पलीकडे, तालुक्याला."

"मग?" चैत्राली उठून बसली.

"मग पहाटे मी काठावर गेले. धुकं असं की आपला हात आपल्याला दिसेना. हाक मारली. एक नाही, दोन नाही, पाच हाका मारल्या. धुकं जरा फाटलं तर पलीकडे होडी दिसली. होडीत माणूस पण दिसला. त्यानं डोक्यावरून कांबळं घेतलं होतं. म्हातारा नव्हता तो, बसण्यावरून कळलं. पुन्हा धुकं मिटलं."

"अँड ही डिडन्ट कम?"

"नाही आला गो. मी दप्तर डोक्यावर घेऊन वरच्या अंगाच्या साकवाकडे चालत निघाले. नऊ मैल वर, तिथून पुन्हा खाली. पोचले तेव्हा एक वाजला होता. दारावरच्या शिपायानं आत सोडलं नाही. मराठीत नापास! आणि पुढे पस्तीस वर्षं मी काय शिकवलं? मराठी." त्या खळखळून हसल्या. "ऑक्टोबरला पुन्हा बसले. तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतः नेलं, भर दुपारी, गावादेखत. मधल्या धारेत मला म्हणाला, पोरी, त्या दिवशी मला ताप होता गो. बाकी एक शब्द बोलला नाही. वल्हं मारता मारता रडत होता."

अनंतरावांना हे ठाऊक नव्हतं. तोवर ते आयटीआयला रत्नागिरीत होते. वडिलांनी त्यांना यातलं काही कधी सांगितलं नाही. त्या ऑक्टोबरनंतर नुसतं, मुलाच्या हाती त्यांनी पुन्हा वल्हं दिलं नाही. सुट्टीत आला की म्हणायचे, तू बस, तुझं हे काम नव्हे. अनंतरावांना वाटे, शिकलेल्या मुलाचा मान ठेवतात.

"व्हाय डिडन्ट ही कम, आजी?"

"कुणास ठाऊक. वाऱ्यानं हाक उलटी नेली असेल. झोपला असेल. थंडी होती." पुष्पावतींनी नकाशावरचं ताकाचं वर्तुळ बोटानं हळूच पुसलं. "मी वर्गात मुलांना सांगायची, बाळांनो, माणसाबद्दल आधी चांगलं धरून चालावं. त्याला ऐकू आलं नसेल. पण खरं सांगू? एवढं एकच मला कळायचं राहिलं. आता साठी झाली. पूल झाला, होडी कुजून गेली, म्हातारा गेला. अजून कधीतरी पहाटे जाग आली की वाटतं, मी मारलेली हाक पोचली होती की नव्हती?"

बाहेर मशिदीतून शुक्रवारची बांग सुरू झाली. मोठ्या पाण्यावरून यावी तशी ती इमारतींवरून लहरत आली. अनंतरावांनी कागदावर दोन्ही तळवे टेकले. एका तळव्याखाली वळणाआतलं ते गाव होतं, दुसऱ्याखाली तालुक्याचं. मधे बोटभर निळी रेघ, त्यांनीच ओढलेली.

श्रेयस त्यांना काका म्हणत होता. हे घर आठवड्यातून एकदा त्यांचं होतं. उद्या विमान उडालं की कुणाला काही कळणार नव्हतं. सहा महिने ते पाण्याचा तळ मोजत आले होते, फुटाफुटानं, आणि कुठल्याही नदीनं आपला तळ त्यांच्यापासून लपवला नव्हता.

"ताई," ते म्हणाले. "ताई, मी रत्नागिरीकडचा नव्हे. मी खारशेतचा. तो तारी माझा बाप."

पुष्पावतींचं बोट कागदावर थांबलं.

"वारा नव्हता त्या दिवशी. धुक्यात वारा नसतो. मी झोपलोही नव्हतो. काठावर माझ्या बाजूला चिटपाखरू नव्हतं, मी आलो असतो तर गावातल्या कुणालाही कळलं नसतं. माझ्या आयटीआयच्या अर्जावर सरपंचाची सही व्हायची होती, ताई, दुपारी व्हायची होती. होडीच्या मजुरीपोटी तुमच्याही वाडीनं दिलेलं भात आमच्या कणगीत होतं, ते खाऊन मी होडीत बसलो होतो. पहिल्या हाकेला मी दोरावर हात ठेवला. दुसऱ्या हाकेला काढला. मग कांबळं डोक्यावरून ओढलं, तरी तिसरी आली, चौथी आली."

त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच पुष्पावतींच्या डोळ्यांत बघितलं.

"पाचवीसुद्धा. तुमच्या पाचही हाका पोचल्या होत्या. पलीकडे मी होतो."